श्रीहरीची पूर्वेच्छा

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास सुगुणा येमूलच्या फोनवर भावाचा आकडा लाल झाला. ती तेव्हा प्रयोगशाळेत एका गरोदर बाईच्या दंडाला पट्टा बांधत होती. तिने हातातलं काम पुरं केलं, बाईला कापूस दाबून धरायला सांगितलं, नळीवर नाव लिहिलं, आणि मगच फोन उचलून नीट पाहिला. तीनशे दहा. आठवड्यापूर्वी तोच आकडा अडीच हजारांच्या वर होता.

तिच्या भावाच्या, श्रीहरीच्या, डाव्या हाताच्या अनामिकेवर, नखाच्या मुळाशी, एक करड्या रंगाची अंगठी बसवलेली होती. तिथली कातडी इतकी पातळ असते की आतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या भिंगातून दिसतात. अंगठी त्यांच्यावर निळा उजेड टाकायची. तांबड्या पेशी निळा उजेड गिळतात, त्यामुळे वाहतं रक्त काळ्या रेघेसारखं दिसतं. पांढरी पेशी तो गिळत नाही. ती जाते तिथे त्या रेघेत एक उजळ फट सरकत जाते. अंगठी दिवसभर या फटी मोजून आकडा सुगुणाच्या फोनवर पाठवत असे. दर आठवड्याला सुई टोचून रक्त काढण्याचे दिवस तिच्यामुळे संपले होते.

हे मोजणं आवश्यक होतं, कारण श्रीहरी सात वर्षं क्लोझापिन घेत होता. स्किझोफ्रेनियावरची बाकीची सगळी औषधं हरल्यावर देतात ते हे जुनं औषध. ते लागू पडलं की माणूस परत येतो. मात्र शंभरांतल्या एखाद्याच्या शरीरात ते पांढऱ्या पेशींवर उलटतं, त्यांतही जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिलवर, आणि मग घशातला साधा जंतूही त्याचा जीव घेऊ शकतो. हे व्हायचं ते बहुधा पहिल्या काही महिन्यांतच होतं. सात वर्षांनी कुणाला झाल्याचं सुगुणाने फक्त वाचलं होतं.

तिने श्रीहरीला बोलावून घेतलं. अक्कलकोट रोडवरच्या गणवेशाच्या कारखान्यात तो कटिंग मास्टर होता. अर्ध्या तासात तो आला, शर्टाला खाकी कापडाचा भुगा लागलेला.

"अंगठी सैल झाली असेल अक्का," तो म्हणाला. "सकाळपासून कात्री चालवतोय."

"असेल. बस."

तिने स्वतः त्याचं रक्त काढलं, काचेवर थेंब पसरला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या, त्यांत न्यूट्रोफिल किती ते पाहायचं. वीस वर्षांत हे काम तिने हजारो वेळा केलं होतं. निरोगी माणसात साठ-पासष्ट सापडतात. काच सरकवत सरकवत ती कडेपर्यंत गेली. शंभर पुऱ्या होईपर्यंत तिला आठ सापडल्या. तिने दुसरी काच घेतली. तिच्यात सहा.

ती बाहेर आली तेव्हा श्रीहरी बाकावर बसून पाणी पीत होता, आणि गिळताना त्याच्या कपाळाला आठ्या पडत होत्या.

"घसा दुखतोय?"

"कालपासून थोडा," तो म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने ग्लास खाली ठेवला. "गोळी बंद करावी लागणार ना?"

"आजपासून."

---

रुग्णालयात डॉ. मेहजबीन पटवेकरांनी त्याला काचेच्या खोलीत ठेवलं. आत गाळलेली हवा होती आणि तोंडावर पट्टी, अंगावर झगा घातल्याशिवाय कुणालाही आत जाता येत नव्हतं. बुधवारी सकाळी डॉक्टर त्याच्या पलंगाशेजारी बसल्या. पायाशी सुगुणा उभी होती आणि दुसऱ्या बाजूला श्रीहरीची बायको मंजुळा. लग्नाला चार वर्षं झाली होती. मंजुळाने श्रीहरीला आजारी असं कधी पाहिलंच नव्हतं.

"दोन रस्ते आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "पहिला सोपा. पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन आजच सुरू करायचं. दहा-बारा दिवसांत आकडा वर येईल, तुम्ही घरी जाल. पण क्लोझापिन पुन्हा कधीही घ्यायचं नाही."

"आणि दुसरा?" श्रीहरीने विचारलं.

"न्यूट्रोफिलमध्ये एक एन्झाइम असतं. जंतू मारण्यासाठी ते पेशीत ब्लीचसारखा पदार्थ तयार करतं. तुमची गोळी या एन्झाइमच्या तावडीत सापडली की तिचं विष होतं. म्हणजे पेशी स्वतःच्याच पोटात विष शिजवते आणि मरते. आता गंमत अशी, की काही हजारांत एखादं माणूस या एन्झाइमशिवायच जन्माला येतं, आणि बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. जंतू मारायच्या इतर युक्त्या पेशीजवळ असतात. तर आम्ही तुमच्या हाडातल्या मगजातून मूळपेशी काढायच्या, त्यांतलं त्या एन्झाइमचं जनुक बंद करायचं, आणि त्या परत सोडायच्या. त्यांच्यापासून जे न्यूट्रोफिल होतील ते विष शिजवणार नाहीत. मग गोळी परत सुरू करता येईल."

"हे किती जणांवर झालंय?" सुगुणाने विचारलं.

"एकेचाळीस. त्यांतले तेहतीस आज गोळी घेतायत. पाच जणांमध्ये पेशी रुजल्या नाहीत. तीन गेले."

"ते तीन का गेले?" मंजुळाने विचारलं.

"वाट पाहण्यात. पेशी तयार व्हायला पाच दिवस लागतात, रुजायला आणखी दहा. तोवर इंजेक्शन देता येत नाही. दिलं तर जुन्याच पेशी वाढून मगजातली जागा भरून टाकतात. पंधरा दिवस अंगात जवळजवळ एकही सैनिक नाही, असं समजा."

श्रीहरीने चादरीची कड बोटांनी मोजून पाहावी तशी चाचपली. "डॉक्टर, माझ्याकडे किती दिवस आहेत?"

"तसं सांगता येत नाही. जंतूसंसर्ग झाला तर..."

"त्याचं नाही विचारत. डोक्याचं विचारतोय. गोळी अंगातून जाईपर्यंत."

"तीन. फार तर चार."

"मग आजच ठरवायला हवं," तो म्हणाला. "परवाचा माणूस मी असेनच असं नाही."

कायद्याने त्याची सोय केलेली होती. मनोरुग्णाला बरा असताना आपली पूर्वेच्छा लिहून ठेवता येत असे, आणि पुढे ती अमलात आणायला एक प्रतिनिधी नेमता येत असे. श्रीहरीने सात वर्षांपूर्वीच सुगुणाला नेमलं होतं. तेव्हा मंजुळा त्याच्या आयुष्यात नव्हती. डॉक्टरांनी कागद आणवला. त्याने स्वतःच्या हाताने, कापडावर खडूने आखावं तशा सरळ ओळींत लिहिलं, की मला दुसरा रस्ता हवा आहे. खाली आणखी एक वाक्य घातलं: पुढे मी नको म्हणालो, तर ते बोलणं आजाराचं आहे असं समजावं.

"हे शेवटचं कशाला?" मंजुळा म्हणाली. "आणि मला न विचारता? तुम्ही जिवंत घरी येणार असाल तर बाकीचं मी बघते की."

"तुला ते माहीत नाही, मंजू."

"सांगा मग."

"सांगून कळण्यासारखं नाही. अकरा वर्षं मी घरात होतो आणि घरात कुणालाच भेटलो नाही. अक्काला विचार."

मंजुळाने सुगुणाकडे पाहिलं. सुगुणाने खाली पाहिलं. तिला आठवत होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. नळाला विष आहे म्हणून श्रीहरी होटगीच्या तळ्यापर्यंत चालत जायचा, आणि फुटलेल्या पायांनी घागर घेऊन परत यायचा. आई शेवटच्या दुखण्यात त्याला हाका मारत होती, तेव्हा ही बाई आपली आई नाही असं सांगत तो दारात उभा होता. त्याच काळात सुगुणाला पाहायला आलेले लोक चहा न पिता उठून गेले होते. पुढे कुणी आलं नाही. आता ती चव्वेचाळीस वर्षांची होती, आणि गेली सात वर्षं रविवारी दुपारी झोपू शकत होती.

तिने प्रतिनिधी म्हणून सही केली.

---

बुधवारी दुपारी मगज काढला. गुरुवारी श्रीहरी मंजुळाशी नेहमीसारखा बोलत होता. शाळेच्या नव्या ऑर्डरचे कॉलर कोण कापेल याची त्याला काळजी होती. अंगठीवर आकडा नव्वद झाला होता. शुक्रवारी दुपारी त्याने सुगुणाला हळूच विचारलं, की हवेच्या यंत्रातून मघाशी कोण बोललं. विचारल्यावर तो स्वतःच ओशाळला. "नाही ना कुणी?" म्हणाला. "मला माहीत आहे. तरी खात्री करून घेतली."

शनिवारी त्याने खात्री करून घेतली नाही.

रविवारी आकडा तीस होता आणि अंगात एकशे एक ताप. शिरेतून प्रतिजैविकं चालू होती. श्रीहरी पलंगाच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसला होता. आत येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर पट्टी होती. त्याला सगळीकडे तोंड नसलेली माणसं दिसत होती, आणि ती त्याच्या गळ्याजवळच्या नळीतून काहीतरी आत सोडत होती. सुगुणाला वाटलं, वेड लावायला म्हणून कुणी मुद्दाम खोली बांधली असती तर ती अशीच बांधली असती.

सोमवारी सकाळी पेशी तयार होऊन आल्या. चहाच्या कपाएवढा द्रव असलेली एक पिशवी. श्रीहरीने ती पाहिली आणि दोन्ही हातांनी गळ्याजवळची नळी झाकून घेतली.

"नको," तो म्हणाला. "मला नको. मी नको म्हणतोय, ऐकू येतंय का?"

डॉक्टर बाहेर आल्या. "सुगुणाताई, त्याचा नकार स्पष्ट आहे. त्याची पूर्वेच्छाही स्पष्ट आहे. आता प्रतिनिधीने सांगायचं. तुम्ही नाही म्हणालात तर मी लगेच इंजेक्शन सुरू करते, अजून वेळ गेलेली नाही. हो म्हणालात तर आणखी दहा दिवस असेच, आणि ताप आलेला आहे. मी हे लपवणार नाही. पेशी दोन तास टिकतील."

डॉक्टर आत गेल्या. मंजुळा खिडकीपाशी उभी होती. पाच दिवसांत ती घरी फक्त अंघोळीला गेली होती.

"वदिना," ती म्हणाली. नणंदेला ती याच नावाने हाक मारायची, पण इतक्या हळू कधी नाही. "मला ते जिवंत हवेत. असेच राहिले तरी."

"तू पाहिलेलं नाहीस मंजुळा."

"पाहतेय की. शनिवारपासून पाहतेय. काल त्यांनी मला ओळखलं नाही. मी पळून गेले का?"

"तीन दिवस आणि अकरा वर्षं यांत..."

"ती अकरा वर्षं तुमची होती. पुढची माझी असतील." ती थांबली, आणि मग जे म्हणायचं नाही असं तिने ठरवलं असावं तेच म्हणाली. "तुम्हाला ते दिवस परत नको आहेत. म्हणून तुम्हाला दुसरा रस्ता हवाय. त्यांच्यासाठी नाही."

हे खोटं असतं तर सुगुणाला उत्तर सुचलं असतं. ती झगा चढवून, पट्टी बांधून आत गेली.

"श्रीहरी."

"कोण?"

"मी अक्का."

"अक्काला तोंड आहे," तो म्हणाला. "तू अक्का असशील तर तोंड दाखव."

तिचा हात पट्टीकडे गेला आणि तिथेच राहिला. तीस पेशींच्या माणसासमोर तिचा एक श्वास म्हणजे काय हे तिला या खोलीतल्या कुणापेक्षाही कमी ठाऊक नव्हतं. "थांब," ती म्हणाली. ती बाहेर आली, दार लागल्याची खात्री केली, काचेच्या पलीकडे त्याच्या समोर उभी राहिली आणि तिने पट्टी काढली.

श्रीहरी बराच वेळ पाहत राहिला. मग त्याचा चेहरा बदलला. तो सरपटत पलंगाच्या या कडेला आला. भिंतीतल्या स्पीकरच्या जाळीतून त्याचा आवाज आला, तापाने बसलेला, पण अगदी त्याचाच.

"अक्का, ते मला मारतायत. तू त्यांना नाही म्हण. तुझं ऐकतील ते."

डॉक्टर आतून तिच्याकडे पाहत होत्या. मंजुळा तिच्यामागे होती. तिचा श्वास सुगुणाला ऐकू येत होता. सुगुणाने मनात तो कागद आठवला, त्या सरळ ओळी. परवाचा माणूस मी असेनच असं नाही. पण समोर जो होता त्याने आत्ता तिला ओळखलं होतं, आणि ओळखून मदत मागितली होती.

"हो," ती डॉक्टरांना म्हणाली. "द्या."

श्रीहरीने ते ऐकलं. दोन माणसांनी त्याचे हात धरले, गुंगीचं औषध दिलं, पिशवी टांगली. डोळे मिटेपर्यंत तो काचेकडे पाहत होता. सुगुणाने पट्टी परत बांधली नाही आणि ती तिथून हललीही नाही. एवढं तरी त्याला दिसू द्यावं असं तिला वाटलं. मंजुळा निघून गेली होती.

---

पुढचे दिवस आकडा वीसच्या वर गेला नाही. ताप एकशे तीनवर गेला, खाली आला, पुन्हा चढला. चौथ्या दिवशी फुप्फुसात डाग दिसला आणि श्रीहरीला प्राणवायू लावावा लागला. मंजुळा आणि सुगुणा एकाच बाकावर दोन टोकांना बसायच्या. डबा एकच यायचा. मंजुळा सुगुणाची भाकरी वेगळी काढून मधे ठेवायची आणि बोलायची नाही. सुगुणा दर काही मिनिटांनी फोन पाहायची. एरवी लोकांचे आकडे तिच्या हातून कागदावर जात आणि ती घरी जात असे. हा आकडा मात्र ती जेवताना पाहत होती, नळाखाली हात धुताना पाहत होती, आणि तो हलत नव्हता. श्रीहरी गेला तर आपण मंजुळाला काय सांगणार आहोत, हे ती मनात जुळवू पाहायची, आणि दर वेळी पहिल्याच शब्दापाशी अडायची.

अकराव्या दिवशी दुपारी आकडा एकशे चाळीस झाला. तिने मंजुळाला फोन दाखवला. मंजुळाने तो हातात घेतला आणि परत दिला नाही. दोघी त्याच्याकडे पाहत राहिल्या. संध्याकाळी एकशे नव्वद. दुसऱ्या दिवशी चारशे. नव्या पेशी रुजल्या होत्या.

मग गोळी सुरू झाली, अगदी थोडी, दर काही दिवसांनी वाढवत. प्रत्येक वाढीला सुगुणाचा जीव खालीवर होई, पण आकडा ढळला नाही. सहा आठवड्यांनी श्रीहरी घरी होता. आणखी महिन्याने कारखान्यात जाऊ लागला.

सुगुणाकडे मात्र तो येत नव्हता. ती गेली की उठून आत जायचा, कपाट लावायचा, काहीतरी काम काढायचा. विचारलेल्याचं उत्तर द्यायचा, बस्स. मंजुळा आता सुगुणाशी बोलू लागली होती, एकदा दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "मी त्यांना काही सांगितलेलं नाही वदिना. त्यांना सगळं आठवतं."

एका रविवारी सुगुणा मुद्दामच गेली आणि श्रीहरी आत जायला उठला तेव्हा म्हणाली, "बस जरा."

तो बसला. त्याच्या मांडीवर कागदाचा कॉलरचा नमुना होता. श्रीहरी तो दुमडत आणि उलगडत राहिला.

"तू बरोबर केलंस," तो म्हणाला. "मी लिहून दिलं होतं तेच केलंस. ते न करतीस तर आज मी इथे बसून बोललो नसतो. हे मला कळतं."

"मग?"

"लिहिणारा मी होतो. ओरडणारा कोण होता, अक्का? मी लिहिलं की ते आजाराचं बोलणं समजावं. सोपं वाटलं लिहायला. पण भीती मला वाटत होती, आजाराला नव्हती वाटत. तुझं तोंड पाहिलं तेव्हा मला वाटलं, सुटलो. आणि तू हो म्हणालीस." त्याने नमुना बाजूला ठेवला. "तो अजून माझ्यात आहे. गोळीने गप्प बसलाय, पण आहे. तो तुझ्याशी बोलत नाही."

सुगुणाला वाटलं होतं की हे ऐकून आपल्याला रडू येईल. आलं नाही. "त्याला काय सांगू?" तिने विचारलं.

"तो एकच विचारतो. तू हो कुणासाठी म्हणालीस?"

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. मंजुळा ऐकत असावी. सुगुणाकडे उत्तर तयार होतं: तुझ्यासाठी, तूच लिहिलं होतंस म्हणून. त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

"तुझ्यासाठी," ती म्हणाली. "आणि माझ्यासाठी. किती कुणासाठी, ते मला वेगळं करता येत नाही. मी करून पाहिलं. मला ती अकरा वर्षं परत नको होती, श्रीहरी. तू मदत मागत होतास तेव्हाही ते माझ्या डोक्यात होतं. मंजुळाने मला ते तिथेच सांगितलं होतं."

श्रीहरी तिच्याकडे पाहत राहिला. आजारपणात तो असा पाहायचा, समोरच्याच्या बोलण्यात कुठे फट आहे का ते शोधत. आणि सगळे त्याला बरं वाटावं म्हणून गोड बोलायचे, त्यामुळे त्याला ती दर वेळी सापडायची.

"हे पटेल त्याला," तो शेवटी म्हणाला.

मग तो उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि मंजुळाला म्हणाला, "अक्का जेवायला थांबतेय."

सुगुणा तसं काही म्हणाली नव्हती. ती थांबली.